बिजलीरावाची स्कूटर: हरकत क्रमांक नऊ

विकणे आहे. स्कूटर, रंग निळा, मॉडेल १९९८, एकहाती वापर. सुरू करण्यापूर्वी डावीकडे तिरकी करावी व तीनपर्यंत मोजावे. मग सीटवर दोन थापा माराव्यात. (का, ते विचारू नये.) संपर्क: बोरस्ते, सातपूर.

लॉट क्रमांक ११८. नग शंभर. तपासले पाच. पाचही बरोबर. लॉट पास.

रेनकोट पिवळा असतो. पिवळा म्हणजे हळदीसारखा, लिंबासारखा नव्हे.

येवल्याची गाडी निफाडला पाच मिनिटं थांबते. ड्रायव्हर चहा घेत असेल तर दहा.

चहा: सतरा कप. बिस्किटं: सभासदांनी आपापली आणावीत.

अकरा सेकंद.

*

एखादा समाज किती पुढारलेला आहे हे ओळखायची खूण म्हणजे, तिथली माणसं न पाहिलेल्या गोष्टीबद्दल किती ठामपणे बोलू शकतात. पाहून काय, कुणीही बोलेल. ते डोळ्यांचं काम झालं, त्यात बुद्धी कुठं आली? या कसोटीवर नाशिक शहर पुष्कळच पुढे आहे आणि नाशिकमध्ये बिजलीराव रसिक मंडळ (नोंदणी प्रस्तावित, १९९७ पासून) सगळ्यांच्या पुढे आहे.

ज्यांना बिजलीराव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘बिजलीराव’ नावाचं चित्रकथांचं मासिक १९९१ ते १९९६ या काळात निघत होतं. एकूण चौसष्ट अंक. नायक साधा लाइनमन. चांदवडच्या घाटात खांबावर चढलेला असताना त्याच्यावर वीज पडते आणि मरायच्या ऐवजी तो उडायला लागतो. अंगात पिवळा रेनकोट, पायात गमबूट. शत्रूचं नाव अंधारशेठ. लोक चाळीत कांदा साठवतात तसा हा अंधार साठवतो आणि भाव आला की बाहेर काढतो. (वीज पडल्यानंतर लाइनमनच्या शिल्लक रजेचं काय झालं, हे चौसष्ट अंकांत कुठंही येत नाही. या प्रश्नावर मंडळाची एक उपसमिती आहे. तिचा अहवाल १९९९ मध्ये अपेक्षित होता.)

मंडळाची स्थापना मासिक बंद पडल्यावर एका वर्षाने झाली. हे शहाणपणाचं होतं. चालू असलेल्या गोष्टीचं रसिक मंडळ काढलं की ती गोष्ट दर महिन्याला काहीतरी नवीन करून बसते.

सभासद तेवीस. सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, शालिमारजवळ अब्बासभाईंच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात. दुकानात चार माणसं मावतात. बाकीचे सभासद फुटपाथवरून भाग घेतात. फुटपाथवरच्या सभासदांना मताचा पूर्ण अधिकार आहे, मात्र हातगाडी आली की बाजूला व्हावं लागतं. अब्बासभाई अध्यक्ष आहेत, कारण दुकान त्यांचं आहे.

आणि कार्यवाह आहेत फकिराभाऊ बोरस्ते. वय चौपन्न. सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात एकतीस वर्षं. ही गोष्ट त्यांची आहे.

*

फकिराभाऊंच्या कामाच्या दोन पद्धती होत्या आणि मंडळ त्या दोन खांबांवर उभं होतं.

पहिली कारखान्यातून आलेली. शंभर नग आले की पाच उचलायचे, मोजपट्टीला लावायचे. पाच बरोबर तर शंभर बरोबर. सगळे शंभर तपासत बसणारा माणूस तपासनीस नसतो, संशयी असतो.

दुसरी पद्धत त्यांनी स्वतः शोधून काढली. सभेचं इतिवृत्त ते सभेच्या आदल्या दिवशी लिहीत. कोण काय सूचना मांडणार, तिला अनुमोदन कोण देणार, कोणत्या मुद्द्यावर देवळाली कॅम्पचे दिनेश उठून उभे राहणार आणि त्यांना खाली कोण बसवणार, सगळं. फक्त चहाच्या कपांची संख्या कोरी ठेवायची. बावीस वर्षांत सभा इतिवृत्ताप्रमाणे झाली नाही असं दोनदाच घडलं. दोन्ही वेळा सभा दुरुस्त करून घेण्यात आली.

असा माणूस घरात असला की मतांचा तुटवडा कसा पडेल? फकिराभाऊंना मिसळीतल्या शेवेच्या जाडीबद्दल मत होतं. उड्डाणपुलाच्या वळणाबद्दल होतं. शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या टाकीबद्दल, द्वारका चौकातल्या सिग्नलच्या सेकंदांबद्दल, व्याह्यांच्या चुलतभावाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल होतं. एकाच विषयावर त्यांनी आयुष्यात कधी मत दिलं नव्हतं. त्यांची मुलगी वैष्णवी चित्रं काढायची. लहानपणापासून काढायची. वही घेऊन पुढ्यात उभी राहायची आणि फकिराभाऊ म्हणायचे, “बघू नंतर.”

त्या ‘नंतर’मध्ये ती बारावी झाली, पुण्याला गेली, कॉम्प्युटरवर चित्रं हलवायला शिकली आणि तिथंच एका स्टुडिओत नोकरीला लागली. सव्वीस वर्षांची झाली. घरी फोन यायचा तेव्हा फकिराभाऊ पुण्याच्या पाण्याबद्दल मत देत.

*

मग मार्च महिन्यात तिचा फोन आला.

“पप्पा, एक गंमत सांगू? आमच्या स्टुडिओला काम आलंय. तुमचा बिजलीराव.”

“कसला बिजलीराव?”

“अहो, पिच्चर येतोय त्याच्यावर. सगळा ॲनिमेशनचा. दीड वर्ष झालं करतोय आम्ही, बाहेर सांगायची बंदी होती.”

फकिराभाऊंनी मंडळाची वही पुढ्यात ओढली. मग म्हणाले, “रेनकोट कुठला पिवळा घेतलाय?”

“पप्पा, ऐका ना. त्यात अकरा सेकंद माझे आहेत. एकटीचे. पहिल्या रेघेपासून मीच काढलेत.”

“अकराच?”

“अकरा सेकंदांना पाच महिने लागले. कुठले ते मी सांगणार नाही. तुम्ही बघा आणि ओळखा. ओळखाल तुम्ही.”

“बघू,” फकिराभाऊ म्हणाले.

“बघू नाही. बघा.”

तिनं इतक्या वर्षांत वडिलांकडे मागितलेली ही एवढीच गोष्ट, हे फकिराभाऊंना कळलं. म्हणून ते ताबडतोब मंडळाच्या कामाला लागले.

*

ट्रेलर आला जूनमध्ये. लांबी दोन मिनिटं दहा सेकंद. मंडळाची तातडीची सभा बोलावण्यात आली आणि इतिवृत्त लिहून तयार असल्यामुळे ती वेळेवर सुरू झाली.

पहिला मुद्दा दिनेश यांनी काढला. ते कॅम्पात भांडारात नोकरीला होते आणि निवृत्तीनंतरही रोज सकाळी स्वतःची हजेरी घेतात. ते म्हणाले, “चित्रपट पाहिल्याशिवाय ठराव करायचा म्हणजे शिस्तीत बसत नाही.”

“दिनेश, बसा खाली,” अब्बासभाई म्हणाले. (इतिवृत्तात हे वाक्य त्यांच्याच नावावर होतं.) “फकिराभाऊ, तुम्ही समजावा यांना.”

फकिराभाऊंनी समजावलं. चित्रपट अठ्ठ्याण्णव मिनिटांचा आहे. ट्रेलर त्याच्या सव्वादोन टक्के. कारखान्यात पाच टक्के नमुना तपासतात, म्हणजे ट्रेलर अपुरा, ही गोष्ट कबूल. पण तो तीनदा पाहिला की नमुना साडेसहा टक्क्यांच्या वर जातो. हे प्रमाण कारखान्याच्या नियमापेक्षा जास्त आहे. नट-बोल्टला जो न्याय देतो त्याहून जास्त न्याय आपण या चित्रपटाला देतो आहोत.

फुटपाथवर टाळ्या झाल्या. एक हातगाडी आली, सभासद बाजूला झाले, परत आले. दिनेश बसले.

मग अब्बासभाईंच्या फोनवर ट्रेलर तीनदा पाहण्यात आला. (मागच्या सभासदांना फक्त आवाज आला. त्यांचं मत आवाजापुरतं ग्राह्य धरलं.) एकूण चौदा हरकती नोंदवल्या गेल्या. सगळ्या इथं देता येणार नाहीत, पण वानगीदाखल:

हरकत १. रेनकोट लिंबासारखा पिवळा आहे.

हरकत ४. अंधारशेठ हसतो. चौसष्ट अंकांत तो एकदाही हसलेला नाही. (अंक बावीसमध्ये दात दिसतात, पण ते दुखत असल्यामुळे.)

हरकत ५. रेनकोटाबद्दल पुन्हा.

हरकत ९. बिजलीराव उडतो. उडणाऱ्या माणसाला स्कूटर दाखवणं ही मूळ चित्रकथेची थट्टा आहे. त्यातही तो स्कूटर सुरू करण्यापूर्वी ती डावीकडे तिरकी करून काही वेळ स्वस्थ उभा राहतो व सीटवर दोन थापा मारतो. कोणताही शहाणा माणूस असं करत नाही. सूचक: फ. बोरस्ते. अनुमोदक: सर्व.

मंडळात तारे देत नाहीत, विजा देतात, पाचपैकी. चित्रपटाला दीड वीज देण्यात आली. अर्धी वीज संगीताला होती, आणि ती मागच्या सभासदांच्या आग्रहास्तव.

घरी येऊन फकिराभाऊंनी ठराव शकुबाईंना वाचून दाखवला. शकुबाई त्यांच्या पत्नी. मंडळाच्या सभासद नाहीत. त्या कांद्याची पात निवडत होत्या. नववी हरकत आली तशा त्या थांबल्या.

“परत वाचा बरं तेवढं.”

त्यांनी परत वाचलं. शकुबाई हसायला लागल्या. पात खाली ठेवली, पदर तोंडाला लावला, भिंतीला टेकल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“काय झालं काय एवढं?”

“काय नाय. कोणताही शहाणा माणूस असं करत नाय, हे एकदम बराबर लिहिलंय तुम्ही.”

फकिराभाऊंनी वहीत नोंद केली: कौटुंबिक अभिप्राय, अनुकूल.

*

चित्रपट ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी लागला. नाशिकमध्ये एकच पडदा, दिवसाला एकच खेळ, सकाळी दहा चाळीसचा.

मंडळाचं स्वतःचं मत तयार होतं. पण एखाद्या जबाबदार संस्थेला स्वतःचं मत पुरत नाही, तिला जनतेचंही लागतं. म्हणून थिएटरबाहेर लिफ्टजवळ टेबल लावायचं ठरलं. टेबलावर कार्यवाह. फकिराभाऊंनी शुक्रवार-शनिवार रजा टाकली. आधी पहिला खेळ बघू, मग टेबलावर बसू, असं त्यांच्या मनात होतं. पण दहा वीसलाच माणसं जमायला लागली, आणि टेबल सोडून आत जाणं म्हणजे जनतेला वाऱ्यावर सोडण्यासारखं.

लोकांपुढे ठेवलेला कागद असा होता:

*नमुना अ*
*१. पूर्ण नाव*
*२. बिजलीराव कोणत्या सालापासून वाचता*
*३. चित्रपटाबद्दलचं मत (ठाम / अतिशय ठाम)*
*४. चित्रपट पाहिला आहे काय (ऐच्छिक)*
*५. रेनकोट (हळद / लिंबू)*
*६. सही*

तीन दिवसांत दोनशे बारा नमुने भरून आले. प्रतिसाद उत्साही होता. एकशे एकतीस लोक दुसऱ्या चित्रपटाला चालले होते. अडतीस जण गाडी लावायला आले होते आणि लिफ्टची वाट पाहत होते. सतरा जण नुसते पॉपकॉर्न घ्यायला वर आले होते. बावीस मंडळाचे सभासद होते. (तेविसावे नमुने भरून घेत होते.) उरलेल्या चौघांनी चित्रपट पाहिला होता.

या चौघांमुळे थोडी अडचण झाली. चौघांनाही चित्रपट आवडला होता. त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. ती आईच्या हाताला लोंबकळत म्हणाली, “परत बघू ना. तो गाडीवर टप टप करतो ते परत बघू.”

“तिचं लिहून घ्या की भाऊ,” तिची आई म्हणाली.

“घेतो ताई. अक्षर येतं का तिला?”

“नाही अजून.”

“मग सही राहते.”

रविवारी दुपारी उपसमिती बसली. (अब्बासभाई, दिनेश आणि फकिराभाऊ, तिघंही टेबलाच्या एकाच बाजूला.) उपसमितीचा निर्णय सरळ होता. या चौघांनी चित्रपट पाहिलेला असल्यामुळे त्यांचं मत चित्रपटाच्या प्रभावाखाली बनलेलं आहे. निष्पक्ष अहवालात असं मत घेता येत नाही. चारही नमुने बाद.

उरलेल्या दोनशे आठ नमुन्यांची सरासरी (ठाम म्हणजे एक वीज, अतिशय ठाम म्हणजे दोन) दीड वीज आली. ठरावाशी तंतोतंत जुळली. फकिराभाऊंना आपल्या पद्धतीचा अभिमान वाटला. अहवालाच्या तीन प्रती काढल्या आणि एक प्रत थिएटरच्या मॅनेजरांना दिली. खाली लिहिलं: माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी.

*

रविवारी संध्याकाळी सहा वाजता वैष्णवीचा फोन आला.

“पप्पा, बघितला?”

फकिराभाऊ आयुष्यात खोटं बोलले नव्हते, आणि त्यांच्या मते आत्ताही बोलत नव्हते. ते तीन दिवस पडद्यापासून चाळीस पावलांवर बसले होते. मधली भिंत त्यांनी बांधली नव्हती.

“हो,” ते म्हणाले.

“खरंच? मग? ओळखलं?”

फकिराभाऊंनी पुढ्यातल्या कागदांवरून नजर फिरवली. दोनशे आठ मतं होती. त्यांतलं एकही या प्रश्नाच्या कामाचं नव्हतं.

“ढग,” ते म्हणाले. “वीज पडते तेव्हाचे ते ढग. चांगले काढलेत. लय चांगले.”

वैष्णवी म्हणाली, “ढग कॉम्प्युटर करतो, पप्पा.”

“असं होय.”

“हो.” मग म्हणाली, “बरं. जेवलात का?”

संध्याकाळी सहाला कुणी जेवत नाही. तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

“जेवलो,” फकिराभाऊ म्हणाले.

फोन ठेवल्यावर शकुबाई दारात उभ्या होत्या. या वेळी हसत नव्हत्या.

“पोरीनं एक गोष्ट मागितली तुमच्याकडं. एक. आणि तुम्ही तिला ढग दिले.”

“अगं, टेबल सोडून कसं जाणार?”

“मी फोनमधला तो ट्रेलर चाळीस वेळा बघितलाय. मला माहितीय कुठले ते अकरा सेकंद.”

“मग सांग ना!”

“मी सांगितलं तर ते माझं बघणं झालं. तुमचं कुठून होईल?” असं म्हणून शकुबाई कुकर लावायला गेल्या. त्यांनी आयुष्यात एकही नमुना भरलेला नाही.

*

सोमवारी फकिराभाऊ अर्धा दिवस रजा टाकून दहा वाजताच थिएटरवर हजर झाले. या वेळी टेबल न घेता. खिडकीवर त्यांनी बिजलीरावाचं तिकीट मागितलं. खिडकीनं मॅनेजरांकडे पाठवलं.

“काढला तो,” मॅनेजर म्हणाले.

“कधी?”

“आज सकाळी. पब्लिकचं मत लय वाईट आलं ना. दोनशे आठ लोकांचं. इतका पद्धतशीर अहवाल आम्हाला आजपर्यंत कुणी दिलेला नाही.” त्यांनी कागद काढून दाखवला. “आणि खाली तुम्हीच लिहिलंय की, योग्य ती कार्यवाही करा. केली.”

“त्या दोनशे आठ लोकांनी बघितलेला नाय तो,” फकिराभाऊ म्हणाले. हे वाक्य आपण बोललो, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

“पण सही आहे ना?” मॅनेजर म्हणाले.

सही होती. वळणदार होती.

“जिल्ह्यात दुसरीकडं कुठं?”

“येवल्याला असेल. दुपारचा खेळ. उद्यापर्यंत.”

*

मंगळवारी फकिराभाऊ येवल्याच्या गाडीत बसले. निफाडला ड्रायव्हरनं चहा घेतला, दहा मिनिटं. फकिराभाऊंना चहाच्या कपाबद्दल मत होतं, पण त्यांनी ते दिलं नाही.

येवल्याचं थिएटर जुनं, एका पडद्याचं. तिथला नियम असा की पाच माणसं असल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही. फकिराभाऊ तिसरे होते. पहिले दोघं पैठणी विणणारे होते. रेशीम वेळेवर आलं नव्हतं, माग बंद होता, म्हणून आले होते.

खेळाला वीस मिनिटं होती. फकिराभाऊ बाहेर आले, स्टँडकडे गेले आणि गाडीची वाट पाहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंसमोर उभे राहिले. बाईंच्या पिशवीतून मेथी डोकावत होती. बाजूला त्यांचा जावई सोमा बसला होता.

“मावशी, पिच्चर बघणार का?”

“कसला पिच्चर?”

“बिजलीराव. लय चांगला आहे.”

“तुम्ही बघितला का?” सोमानं विचारलं.

फकिराभाऊ थांबले. “नाही,” ते म्हणाले. “पण चांगला आहे.”

“न बघताच?”

“माझ्या मुलीनं काढलाय. अकरा सेकंद.”

“अन् बाकीचा?”

“बाकीचा बाकीच्यांनी.”

सोमानं सासूकडे पाहिलं. सासूनं घड्याळाकडे पाहिलं, गाडीला अडीच तास होते. “आत पंखा हाय का?” मावशींनी विचारलं. फकिराभाऊ म्हणाले, हाय. तोही त्यांनी पाहिलेला नव्हता.

बावीस वर्षांच्या कारकिर्दीतलं फकिराभाऊंचं हे पहिलं अनुकूल मत, आणि तेही पद्धत न सोडता दिलेलं.

पाच झाले. पडदा उजळला. रेनकोट लिंबासारखाच होता. अंधारशेठ हसत होता. फकिराभाऊ एकेक सेकंद मोजणीनं बघत होते. शंभर नगांतले शंभरच्या शंभर तपासायची ही त्यांची पहिली वेळ. ढग आले, गेले. एक्केचाळिसाव्या मिनिटाला अंधारशेठनं बिजलीरावाच्या अंगातली सगळी वीज काढून घेतली. बिजलीरावाला उडता येईना. पावसात भिजत तो एका कॉलनीत आला. तिथं एका घराच्या कंपाउंडला टेकून एक निळी स्कूटर उभी होती.

बिजलीरावानं ती डावीकडे तिरकी केली. स्वस्थ उभा राहिला. ओठ हलले: एक, दोन, तीन. स्कूटर सरळ केली. सीटवर दोन थापा मारल्या, आधी तळहातानं आणि मग बोटांच्या मागच्या बाजूनं, म्हैस उठवताना मारतात तशा. दुसऱ्या थापेनंतर हात क्षणभर तिथंच ठेवला. आणि किक मारायच्या आधी मान जराशी घराच्या दाराकडे वळवली, कुणी शाळेसाठी मागे बसायचं राहिलंय का हे बघायला.

अकरा सेकंद झाले.

“ओ काका,” मागून विणकर म्हणाला, “बसा ना. दिसत नाय.”

आपण उभे आहोत हे फकिराभाऊंना तेव्हा कळलं.

त्या वेळी त्यांना काय वाटलं, हे इथं देता येत नाही. नमुना ‘अ’मध्ये त्यासाठी रकाना नाही.

*

परतीच्या गाडीत त्यांनी फोन लावला.

“बोला पप्पा.”

“वैशू, सीटवर थापा का मारायचो गं मी?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मला काय माहीत?” वैष्णवी म्हणाली. “मी तर तुम्हालाच विचारणार होते.”

“मला पण नाय माहीत. चालू व्हायची पण.”

“व्हायची,” ती म्हणाली. “तिसऱ्या किकला.”

“दुसऱ्या.”

“तिसऱ्या, पप्पा. मागं मी बसलेली असायचे.”

यावर फकिराभाऊंना मत होतं. ते त्यांनी गिळलं.

*

हरकत क्रमांक नऊ मागे घ्यावी असा अर्ज कार्यवाहांनी सप्टेंबरच्या सभेत केला. तो फेटाळण्यात आला. अर्जदारानं दरम्यानच्या काळात चित्रपट पाहिला असल्याचं दिनेश यांनी निदर्शनास आणून दिलं, आणि अशा सभासदाचं मत निष्पक्ष धरता येत नाही, हा नियम उपसमितीनंच केलेला होता. अब्बासभाई म्हणाले, “फकिराभाऊ, आप खुद ही फँस गए. बसा आता.” इतिवृत्तात या मुद्द्याचा उल्लेख नाही, कारण इतिवृत्त आदल्या दिवशी लिहिलेलं होतं आणि तेव्हा फकिराभाऊंना वाटत होतं की अर्ज मंजूर होईल. सभा दुरुस्त करून घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. चहा एकोणीस कप झाला.

आता वाचकांविषयी. चित्रपट चांगला आहे की वाईट, दिनेश यांचं बरोबर की शकुबाईंचं, रेनकोट कुठला हवा होता, आणि त्या अकरा सेकंदांना किती विजा द्यायच्या, याबद्दल एव्हाना तुमचं मत तयार झालेलं आहे. ते ठाम आहे. बहुधा अतिशय ठाम. चौथा रकाना ऐच्छिक असल्यामुळे तो रिकामा सोडलात तरी चालेल. मंडळाने तुमचं मत दोनशे तेराव्या क्रमांकावर धरलं आहे. फक्त सही राहिली आहे.

वैष्णवीनं ती स्कूटर पहिल्यांदा काढली २००९ सालच्या मे महिन्यात, गिऱ्हाईक ती घेऊन गेलं त्या दुपारी, वहीच्या शेवटच्या पानावर. ती चित्र दाखवायला आली तेव्हा फकिराभाऊ दुसऱ्या दिवशीच्या सभेचं इतिवृत्त लिहीत होते.